मद्रासचा वेढा, १७४६: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांकडून मद्रासचा फोर्ट सेंट जॉर्ज घेतला. शाळेच्या पुस्तकात ही घटना 'पहिलं कर्नाटक युद्ध' या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलेली असते. त्यामुळे पुढे वाचायला बसलं की प्रश्नांची रांग लागते. किल्ला इतक्या लवकर कसा पडला, आरमार कुठे होतं, जिंकलेला किल्ला परत का दिला, यात आपले मराठे कुठे होते. नेहमी विचारले जाणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत विचाराल तर या प्रकरणात किल्ल्याच्या तटाला फारसं महत्त्व नाही. मद्रास पडलं ते समुद्रावर, आणि बारा वर्षांनी वाचलं तेही समुद्रावरच. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

नेमकं काय घडलं? थोडक्यात सांगा.

१४ सप्टेंबर १७४६ रोजी ला बुर्दोने या फ्रेंच सेनानीनं मद्रासच्या दक्षिणेला फौज उतरवायला सुरुवात केली. १८ तारखेला उखळी तोफा सुरू झाल्या आणि २१ तारखेला इंग्रजांनी किल्ला हवाली केला. वेढ्यात फ्रेंचांचा एकही माणूस मेला नाही. आत चार-पाच इंग्रज गोळ्यांनी मेले, दोन-तीन घरं पडली. वेढ्याची लढाई एवढीच. खरी धामधूम नंतर झाली. खंडणीवरून दोन फ्रेंच अधिकाऱ्यांत जुंपली, वादळानं आरमार फोडलं, अर्काटच्या नवाबाची फौज चालून आली आणि हरली. अखेर १७४९ मध्ये किल्ला इंग्रजांना परत मिळाला, तोही युरोपात झालेल्या तहामुळे.

दोघेही व्यापारीच होते ना? मग लढले कशासाठी?

भांडण इथलं नव्हतं. ऑस्ट्रियाच्या गादीचा वाद १७४० मध्ये पेटला आणि १७४४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स उघडपणे एकमेकांविरुद्ध उतरले. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याला तेव्हा लढाई नकोच होती. त्याच्याकडे शिबंदी तुटपुंजी होती आणि बंदरात सांगण्यासारखं आरमार नव्हतं. त्यानं मद्रासचा गव्हर्नर निकोलस मॉर्स याला सुचवलं की युरोपात काहीही होवो, इथे आपण दोघांनी गप्प राहावं. मॉर्सची अडचण अशी की तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता. राजाच्या आरमारावर त्याचा हुकूम चालत नव्हता.

आणि ते आरमार आलंच. कमोडोर बार्नेटनं पूर्वेच्या समुद्रात फ्रेंच कंपनीची मालानं भरलेली जहाजं पकडली. डुप्लेनं मग अर्काटचा नवाब अन्वरुद्दीन याच्याकडे धाव घेतली. माझ्या मुलखात लढाई नको, असं नवाबानं इंग्रजांना बजावलं, म्हणून पाँडिचेरी तेव्हा वाचली. डुप्लेनं दुसरा निरोप धाडला तो मॉरिशसला, ला बुर्दोनेकडे.

ला बुर्दोने कोण?

सेंट मालो या फ्रेंच बंदरातला दर्यावर्दी, जन्म १६९९ चा. १७३५ पासून तो मॉरिशस आणि शेजारच्या बूर्बों बेटाचा गव्हर्नर होता. पोर्ट लुई हे बंदर त्यानं उभं केलं. मॉरिशसमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको, बंदराकडे तोंड करून उभा असलेला त्याचा पुतळा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. माहेबूर गावाचं नावही त्याच्यावरूनच पडलं.

या माणसाची कर्तबगारी मला लढाईपेक्षा तिच्या तयारीत जास्त दिसते. मिळतील ती व्यापारी जहाजं घेऊन त्यांवर तोफा चढवल्या. शेतावरच्या आणि बंदरावरच्या माणसांना कवायत शिकवली. निघाल्यावर मादागास्करजवळ वादळानं ताफा मोडला, तेव्हा आंतोंजिलच्या खाडीत दलदलीतून लाकडं ओढून आणून डोलकाठ्या पुन्हा उभ्या केल्या. अशा डागडुजी केलेल्या जहाजांनिशी तो जुलै १७४६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर, म्हणजे मद्रास-पाँडिचेरीच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला.

फोर्ट सेंट जॉर्ज इतका कमजोर होता का?

होता. १६३९ मध्ये फ्रान्सिस डे यानं ही जागा मिळवली आणि पुढच्या वर्षी बांधकाम सुरू झालं. हेतू वखार सांभाळण्याचा होता, तोफांच्या वेढ्याला तोंड देण्याचा नव्हता. शंभर वर्षांत गाव वाढलं, तट मात्र तसाच राहिला. मधोमध छोटी गढी, तिच्याभोवती 'व्हाइट टाउन' ही गोऱ्यांची वस्ती, सुमारे ४०० यार्ड लांब आणि १०० यार्ड रुंद. आत पन्नासेक चांगली घरं आणि दोन चर्च. बाहेरून पातळ भिंत आणि चार बुरूज. उत्तरेला देशी लोकांची 'ब्लॅक टाउन' वस्ती तटाला अगदी खेटून. त्या घरांच्या आडोशानं कुणीही तटापर्यंत येऊ शकत होता.

माणसांची तर बोंबच होती. सगळ्या वसाहतीत मिळून तीनेकशे इंग्रज, त्यांत शिबंदीचे शिपाई दोनशेच्या आसपास. तटबंदी सुधारण्याच्या योजना कागदावर होत्या. पण कंपनीच्या लंडनच्या संचालकांना भिंतींवर पैसा घालवणं जिवावर यायचं. त्यांना नफ्याचा हिशोब दिसायचा.

आपल्याकडच्या जलदुर्गांची सवय असलेल्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकेल. मद्रासला बंदरच नव्हतं. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला खाडी, खडक, आडोसा गृहीतच असतो. कोरोमंडलचा किनारा सरळसोट आणि वाळूचा. जहाजं दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल-माणसं मसुला नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर यायची. या होड्यांत खिळा नसतो. फळ्या काथ्यानं एकमेकींना शिवलेल्या असतात, त्यामुळे लाटेचा तडाखा बसला की होडी फुटत नाही, लवते. त्या फेसाळ लाटांतून होडी काढायचं कसब तिथल्या कोळ्यांनाच ठाऊक. मोठमोठे गव्हर्नर आणि अ‍ॅडमिरल त्यांच्या भरवशावर भिजत किनाऱ्याला लागायचे.

अशा किल्ल्याला आडोसा फक्त समोर उभ्या असलेल्या आपल्या जहाजांचा. जहाजं गेली की किल्ला उघडा पडला.

मग इंग्रजांची जहाजं होती कुठे?

या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि शाळेच्या पुस्तकात नेमका तोच नसतो.

बार्नेट १७४६ च्या उन्हाळ्यात फोर्ट सेंट डेव्हिडला, म्हणजे कडलूरजवळच्या इंग्रजांच्या दुसऱ्या किल्ल्यात, आजारानं वारला. त्याच्या जागी एडवर्ड पेटन आला. ६ जुलै रोजी नागपट्टणमजवळ त्याची आणि ला बुर्दोनेची गाठ पडली. दिवसभर लांबून तोफा झाडल्या गेल्या, निकाल काहीच लागला नाही. फ्रेंचांकडे माणसं भरपूर होती, पण तोफा हलक्या. पेटन चिकटून लढला असता तर काय झालं असतं यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तो दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी त्रिंकोमालीला निघून गेला. ऑगस्टमध्ये पुन्हा दोन्ही आरमारं समोरासमोर आली, तेव्हाही तो लढला नाही. फ्रेंच जहाजं मद्रासपुढे आहेत असं पुलिकतजवळ कळल्यावर त्यानं शिडं उत्तरेकडे वळवली आणि थेट बंगाल गाठला. त्याचं एक मोठं जहाज गळत होतं, हे खरं. पण मद्रासच्या लोकांना त्यानं साधा निरोपही ठेवला नाही. पुढे त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं त्याला अटक करून मायदेशी पाठवलं.

मॉर्सला नावं ठेवणारे खूप आहेत. पळपुटा, घाबरट, वगैरे. मला ते पटत नाही. दोनशे शिपाई, पातळ भिंत आणि रिकामा समुद्र घेऊन तो काय करणार होता?

तोफा कुठून डागल्या? वेढ्याचा तपशील सांगाल का?

ला बुर्दोनेनं सुमारे ११०० युरोपीय, ४०० आफ्रिकी आणि ४०० कवायती देशी शिपाई उतरवले. जहाजांवर आणखी सतरा-अठराशे खलाशी होतेच. किल्ल्याच्या नैर्ऋत्येला, पाव मैलावर, इंग्रज गव्हर्नरचा बागबंगला होता. फ्रेंचांनी तो घेतला आणि त्याच्या आडोशाला उखळी तोफा मांडल्या. उखळी तोफेचा गोळा उंच उडून तटावरून आत पडतो, त्यामुळे भिंत फोडायची गरजच उरत नाही. रात्री समुद्राच्या बाजूनं जहाजंही मारा करत होती.

दुसऱ्या दिवशी फ्रेंच छावणीत खबर आली की पाँडिचेरीच्या दक्षिणेला मोठी जहाजं दिसली. जिंकत आलेल्या ला बुर्दोनेची एकदम धांदल उडाली. अवजड तोफा पुन्हा जहाजांवर चढवाव्यात का, इथवर विचार गेला. खबर खोटी निघाली, पण वेढा घालणाऱ्याच्या पोटात गोळा कशानं येत होता ते यावरून कळतं. त्याला तटावरच्या तोफांची धास्ती नव्हती. क्षितिजावर शीड दिसू नये, एवढीच त्याची काळजी होती.

पुढच्या दिवशी मन्सन आणि हॅलिबर्टन हे दोघे इंग्रजांच्या वतीनं बोलणी करायला आले आणि २१ तारखेला किल्ल्यावर फ्रेंच निशाण चढलं.

काही ठिकाणी १० सप्टेंबर दिलेली असते, काही ठिकाणी २१. खरी कोणती?

दोन्ही. इंग्लंडनं नवी दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली. तोवर इंग्रजांच्या तारखा फ्रेंचांपेक्षा ११ दिवस मागे असत. या पानावर सगळीकडे नव्या पद्धतीच्या तारखा दिल्या आहेत. परीक्षेला बसणाऱ्यांनी आपल्या पुस्तकातली तारीख कोणत्या पद्धतीची आहे ते एकदा पडताळून घ्यावं.

खंडणी किती ठरली होती?

११ लाख पॅगोडा. पॅगोडा म्हणजे आपला होन, दक्षिणेत चालणारं सोन्याचं नाणं. त्या काळी त्याचा भाव साडेतीन रुपयांच्या आसपास. एवढी रक्कम दिली की इंग्रजांना गाव परत, असा तोंडी-लेखी व्यवहार ला बुर्दोनेनं केला. मद्रास जिंकून ठेवून घेणं त्याच्या मनात नव्हतं. शत्रूची ठाणी कायमची ताब्यात ठेवायची नाहीत असे त्याला फ्रान्सहून आलेले हुकूम होते, आणि पावसाळ्याआधी ताफा हलवणं भाग होतं. त्याला खासगीत वेगळी रक्कम कबूल झाली होती, असा आरोप त्याच्यावर पुढे आयुष्यभर राहिला.

डुप्ले आणि ला बुर्दोने एकाच बाजूचे. मग भांडले का?

डुप्लेला खंडणी नको होती, मद्रास हवं होतं. इंग्रजांचं ठाणं उखडून टाकल्याखेरीज पाँडिचेरीचा व्यापार वाढणार नाही, हे त्यानं अचूक ओळखलं होतं. शिवाय नवाब मध्ये पडू नये म्हणून, मद्रास घेतलं की तुम्हालाच देतो, असा शब्द त्यानं अन्वरुद्दीनला देऊन ठेवला होता. एकच गाव, आणि ते एकानं इंग्रजांना कबूल केलेलं, दुसऱ्यानं नवाबाला!

पाँडिचेरीहून आलेल्या अधिकाऱ्यांना ला बुर्दोनेनं मद्रासमध्ये अटक केली, इतकं प्रकरण विकोपाला गेलं. कोण बरोबर, असं विचारतात. दिलेल्या शब्दाच्या बाजूनं पाहिलं तर ला बुर्दोने. दूरचं कुणाला दिसत होतं असं विचाराल तर डुप्ले. पण दोघांनी मिळून जे घालवलं त्याची भरपाई कशानंच झाली नाही. वादावादीत तीन आठवडे गेले आणि ऑक्टोबर उजाडला. आपल्याकडे पाऊस सरतो तेव्हा कोरोमंडलवर तो सुरू होतो, ईशान्येच्या वाऱ्यासह. ऑक्टोबरच्या मध्याला त्या किनाऱ्यावर शहाणा दर्यावर्दी थांबत नाही.

१३ ऑक्टोबरच्या रात्री वादळ झालं. काही जहाजं बुडाली, उरलेल्यांच्या डोलकाठ्या मोडल्या, हजाराहून जास्त माणसं समुद्रात गेली. इंग्रजांच्या आरमाराला जे जमलं नव्हतं ते वाऱ्यानं एका रात्रीत केलं. हिंदुस्थानातल्या फ्रेंचांची समुद्रावरची सरशी तिथेच संपली. ला बुर्दोने दहा दिवसांत उरलीसुरली जहाजं घेऊन निघाला तो पुन्हा या किनाऱ्यावर आला नाही. मायदेशी जाताना तो इंग्रजांच्या हाती लागला. त्यांनी त्याला सन्मानानं वागवलं. पॅरिसला पोचल्यावर त्याच्याच सरकारनं त्याला बास्तीच्या तुरुंगात टाकलं. १७५१ मध्ये निर्दोष सुटला, १७५३ मध्ये वारला.

नवाबाची लढाई ती हीच का?

हीच, आणि पुढच्या काळाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी. कबूल केलेलं मद्रास मिळेना तेव्हा अन्वरुद्दीननं मुलगा महफूझखान याला दहाएक हजारांची फौज देऊन पाठवलं. २ नोव्हेंबरला किल्ल्यातून चारशे फ्रेंच दोन हलक्या तोफा घेऊन बाहेर पडले. घोडदळ त्यांच्या अंगावर आलं. तोफ एकदा उडाली की बराच वेळ गप्प, असाच त्या स्वारांचा अनुभव. पाव तासात एक बार झाला तरी देशी गोलंदाज पुष्कळ समजत. इथे बारावर बार होत राहिले आणि घोडदळाची दाणादाण उडाली.

दोन दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, पाँडिचेरीहून कुमक घेऊन येणाऱ्या पॅरादीची वाट महफूझखाननं अडयार नदीच्या उत्तर काठावर अडवली. पॅरादी हा स्वित्झर्लंडचा. त्याच्याकडे २३० युरोपीय आणि ७०० देशी शिपाई, तोफ एकही नाही. थांबण्यात अर्थ नव्हता. माणसं नदीत उतरली, पलीकडे चढली, एकदम बार टाकला आणि संगिनी रोखून धावली. नवाबाची फौज मागच्या सॅन थोमे या गावाच्या गल्ल्यांत घुसली आणि तिथे हत्ती, घोडे, उंट, बाजारबुणगे सगळे एकमेकांत अडकले.

कवायती पायदळाची एक छोटी तुकडी दहापट फौजेला पळवू शकते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. पॅरादीच्या तुकडीतले चारांतले तीन शिपाई इथलेच होते, हेही विसरू नये. युरोपीय फौज म्हणून जी पुढे हिंदुस्थानभर जिंकत गेली तिची घडण पहिल्यापासून अशीच होती.

साध्या रहिवाशांचं काय झालं?

त्यांच्याबद्दल लिहिलेलं फार कमी सापडतं, आणि मला या विषयात सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच. वेढ्याच्या आधीच ब्लॅक टाउन रिकामं होऊ लागलं. विणकर, दलाल, सावकार, होडीवाले, जो तो बायकामुलं आणि बोचकी घेऊन आतल्या मुलखाकडे निघाला. किल्ला घेतल्यावर मद्रासच्या व्यापाऱ्यांनी पाँडिचेरीला येऊन राहावं म्हणून डुप्लेनं खूप दडपण आणलं. बरेच जण गेले नाहीत.

या काळाचं इथल्या माणसाच्या नजरेतून झालेलं लिखाण म्हणजे आनंद रंगा पिळ्ळै यांची तमिळ रोजनिशी. ते पाँडिचेरीत डुप्लेचे दुभाष होते आणि १७३६ पासून १७६१ पर्यंत रोजनिशी लिहीत राहिले. दरबारातली कुजबुज, मालाचे भाव, शकुन, कोण कुणावर रुसलं, सगळं तिच्यात येतं. पेशव्यांच्या काळातल्या आपल्या बखरी वाचणाऱ्यानं ती आवर्जून वाचावी. बखर मागाहून लिहिली जाते, रोजनिशीत उद्या काय होणार ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आणखी एक नाव सांगायलाच हवं. खोजा पेत्रुस उस्कान हा मद्रासचा आर्मेनियन सावकार. अडयारवरचा मार्मलाँग पूल त्यानं १७२६ मध्ये स्वतःच्या पैशानं बांधला होता. फ्रेंचांनी त्याला आपल्या बाजूनं यायला सांगितलं. तो आला नाही, मालमत्ता मात्र गेली.

रॉबर्ट क्लाइव्ह तिथे होता, हे खरं का?

खरं. तेव्हा तो कंपनीचा कारकून होता, वय एकवीस. डुप्लेनं १० नोव्हेंबरला ला बुर्दोनेचा करार रद्द केला आणि मॉर्ससह बड्या इंग्रजांना पाँडिचेरीला नेऊन मिरवलं. करार मोडल्यावर दिलेल्या शब्दातून आपण मोकळे, असं धरून क्लाइव्ह आणि काही सोबती देशी वेश करून मद्रासमधून निसटले आणि शंभरेक मैलांवरच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोचले. तिथे त्यानं लेखणी सोडून तलवार धरली. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह अ‍ॅडमिरल वॉटसनच्या इंग्रज आरमाराबरोबर विजयदुर्गापुढे उभा होता. तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं.

यात मराठ्यांचा काही संबंध?

वेढ्यात नाही. पण आजूबाजूला पावलोपावली आहे.

इंग्रज पळून गेले तो फोर्ट सेंट डेव्हिड मुळात मराठ्यांचा. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना १६९० मध्ये इंग्रजांनी तो त्यांच्याकडून विकत घेतला. सौदा असा होता की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथवर जाईल तिथवरचा मुलूख कंपनीचा. इंग्रजांनी त्यासाठी लांब पल्ल्याची तोफ आणवली. त्या टापूतली गावं पुढे तोफगोळ्याची गावं म्हणून ओळखली गेली. मद्रास गेल्यावर कोरोमंडलवर इंग्रजांची सूत्रं याच किल्ल्यातून हलत होती, आणि डुप्लेला तो अनेक वेळा प्रयत्न करूनही घेता आला नाही.

दुसरं म्हणजे रघूजी भोसले. १७४० मध्ये त्यांनी दमलचेरीच्या खिंडीत नवाब दोस्तअलीला मारलं, १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेतली आणि दोस्तअलीचा जावई चंदासाहेब याला कैद करून साताऱ्याला पाठवलं. चंदासाहेबाची बायकामुलं पाँडिचेरीत आश्रयाला होती, रघूजींनी मागितली तरी फ्रेंचांनी ती दिली नाहीत. या स्वारीनं कर्नाटकातली, म्हणजे अर्काटच्या नवाबाच्या मुलखातली, जुनी घडी मोडली, म्हणूनच अन्वरुद्दीन नवाब झाला. चंदासाहेब १७४८ मध्ये साताऱ्याहून सुटला आणि डुप्लेचा मोहरा बनला. त्रिचनापल्ली सांभाळायला मागे ठेवलेले मुरारराव घोरपडे पुढे १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात अडकलेल्या क्लाइव्हच्या मदतीला गेले. तंजावरला तर प्रतापसिंह भोसल्यांचं राज्यच होतं, आणि फ्रेंचांना कारिकल मिळालं तेही तंजावरच्या मुलखातलंच.

किल्ला इंग्रजांना परत कसा मिळाला?

१७४८ मध्ये अ‍ॅडमिरल बॉस्कवेन मोठा ताफा घेऊन आला, त्यानं पाँडिचेरीला वेढा घातला आणि हजारावर माणसं गमावून पावसात उठवला. तेवढ्यात युरोपात एक्स-ला-शापेलचा तह झाला. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लुईबुर्ग हा फ्रेंच किल्ला इंग्रजांनी १७४५ मध्ये घेतला होता. तो फ्रान्सला परत आणि मद्रास इंग्रजांना परत, अशी अदलाबदल ठरली. १७४९ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला. मधल्या काळात फ्रेंचांनी तटाजवळची ब्लॅक टाउनची घरं पाडून मोकळं मैदान केलं होतं.

फ्रेंचांनी पुन्हा प्रयत्न केला नाही?

केला, आणि तो खरा वेढा. १४ डिसेंबर १७५८ ला फ्रेंच सेनापती काउंट लालीनं ब्लॅक टाउन घेतलं. या वेळी तट नवा आणि भक्कम होता. गव्हर्नर पिगट, सेनापती स्ट्रिंगर लॉरेन्स, आत सुमारे १७५० गोरे आणि २२०० देशी शिपाई. बाहेरून इंग्रजांच्या देशी शिपायांचा सरदार यूसुफखान फ्रेंचांची रसद तोडत होता. दोन महिने तोफा चालल्या, तटाला खिंडार पडलं, तरी लालीला हल्ला चढवता आला नाही.

फ्रेंच आरमार मॉरिशसला निघून गेलेलं, इंग्रजांचं पावसाळ्यासाठी आणि दुरुस्तीसाठी मुंबईला. मुंबईला निसर्गानं दिलेलं बंदर होतं आणि लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली सुकी गोदी १७५० मध्ये तयार झाली होती. १६ फेब्रुवारी १७५९ च्या संध्याकाळी मद्रासपुढे शिडं दिसली. मुंबईहून निघालेली केम्पेनफेल्टची जहाजं होती ती, सहाशे ताजे सैनिक घेऊन. लालीनं त्याच रात्री गाशा गुंडाळला. १७६० मध्ये वांदिवाशला तो हरला, जानेवारी १७६१ मध्ये पाँडिचेरी पडली आणि इंग्रजांनी तिची तटबंदी जमीनदोस्त केली. लालीला पुढे पॅरिसमध्ये मृत्युदंड झाला.

१७४६ मध्ये ब्रिटिश ताफा बंगालला गेला आणि मद्रास गेलं. १७५९ मध्ये ताफा मुंबईहून परतला आणि मद्रास राहिलं. तट जुना की नवा, हा फरक होताच. पण नव्या तटानं मिळवून दिले ते दोन महिने, सुटका केली ती जहाजांनी.

आज तिथे जाता येतं का? काय पाहावं?

येतं. 'चेन्नई फोर्ट' हे लोकलचं स्टेशन जवळच आहे. किल्ल्यात तमिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय असल्यामुळे फाटकावर तपासणी होते, ओळखपत्र जवळ ठेवा. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. १६८० चं सेंट मेरीज चर्च चुकवू नका. त्याचं छत गोळे झेलता यावेत इतकं जाड आहे. क्लाइव्हचं लग्न १७५३ मध्ये इथेच झालं. तुम्हाला दिसणारे तट आणि खंदक बहुतेक १७४९ नंतरचे आहेत. ला बुर्दोनेनं घेतलेला किल्ला त्याहून कितीतरी लहान होता. समुद्रही तेव्हा अगदी पायथ्याशी होता. पुढे बंदराचं बांधकाम झाल्यावर वाळू साचत गेली आणि पाणी लांब गेलं.

ब्लॅक टाउनची जुनी जागा शोधायची असेल तर उच्च न्यायालयाच्या आवारात जा. तिथली वस्ती इंग्रजांनी तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून पाडली, चेन्नकेशवाचं मूळ देऊळही त्यातच गेलं. त्याच्या बदल्यात बांधलेलं देऊळ आज फुलबाजाराच्या गर्दीत देवराज मुदली रस्त्यावर आहे, शेजारी चेन्नमल्लीश्वर.

हाताशी आणखी दोन दिवस असतील तर पुद्दुचेरीला रंगा पिळ्ळै यांचा वाडा पाहा, आणि तिथून कडलूरला देवनामपट्टणमला जा. गडिलम नदीच्या मुखाजवळ फोर्ट सेंट डेव्हिडचे अवशेष आहेत. राजाराम महाराजांनी विकलेला किल्ला तो हाच.